बुर्जी आणि अर्धा गुण

बुद्धिबळात विजयाची नोंद होते, पराभवाची दंतकथा होते. बरोबरी मात्र तक्त्यातल्या अर्ध्या गुणापलीकडे सहसा जात नाही. आपल्या देशी डावात तिला यापेक्षा अधिक अर्थ होता. प्रतिपक्षाची सारी मोहरी मारली जाऊन राजा एकटा उरला की ‘बुर्जी’ झाली आणि डाव बरोबरीत सुटला. समोरच्याला पुरते नागवणाऱ्यालाही विजयाचे श्रेय नाही! मात करायची तर त्याचे निदान एक प्यादे जिवंत ठेवूनच ती करणे भाग. बलवानालाच दुबळ्याचे शेवटचे प्यादे राखावे लागे, ही कल्पना आम्हांला कोणत्याही नीतिकथेहून अधिक सूक्ष्म वाटते.

युरोपीय नियमांनी हा आसरा काढून घेतला आणि दुसरा दिला. एकाकी राजावर नुसत्या हत्तीनेही मात होऊ लागली. उलट राजाला शह नाही पण हलायलाही जागा नाही, अशी कोंडी बरोबरीची ठरली. बहुतेक देशी प्रकारांत अशी कोंडी करण्यास मज्जावच होता. या स्थित्यंतराचा एक आरंभीचा साक्षीदार म्हणजे त्रिवेंगडाचार्य शास्त्री. त्यांच्या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी रूप मुंबईत 1814 साली छापले गेले, तेही युरोपीय पद्धतीला जुळवून.

साहित्याला मात्र बरोबरी मानवत नाही. प्रेमचंदांच्या 1924 सालच्या कथेतले दोघे खेळाडू अखेर एकमेकांना मारतात. सत्यजित राय यांनी 1977 च्या चित्रपटात त्यांना जिवंत ठेवले, पण पुढचा डाव इंग्रजी नियमांनी मांडायला लावला. आमच्या सिंदेवाहीकडच्या झाडीपट्टीतही नाटक रात्रभर चालते. खलनायकाचा निकाल लावल्यावाचून प्रेक्षकाला घरी धाडण्याची हिंमत कोणता नाटककार करील?

हौशी खेळाडूंच्या जगात बरोबरीला अधिक सन्मान मिळाला. 1955 साली एलुरू येथे झालेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेचे विजेतेपद महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे डी. वेंकय्या यांना विभागून देण्यात आले. जुलै 2025 मध्ये बाटुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी यांचे दोन्ही नियमित डाव अनिर्णित राहिले. तेव्हा जलद डाव खेळवून एकीलाच, दिव्याला, विजयी ठरवण्यात आले.