हलक्या धक्क्याचें काडतूस आणि चांद्याचीं हरिणें

चांद्याच्या रानांतील शिकार म्हटली म्हणजे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें पहिल्यानें वाघ उभा राहतो. शिकारीचीं पुस्तकें वाघांनीं भरलेलीं असल्यामुळें तसें होणें स्वाभाविक आहे. परंतु शिकाऱ्याच्या मुक्कामावर जें जनावर अधिक वेळां खांद्यावरून आणलें जाई तें वाघ नव्हे. तें चितळ, सांबर किंवा भेकर असे. वाघासाठीं कोणती बंदूक घ्यावी यावर साहेबलोकांनीं रकानेच्या रकाने लिहिले. हरिणासाठीं कोणतें काडतूस बरें, हा प्रश्न मात्र दिसावयास किरकोळ असूनहि त्याचें उत्तर मिळावयास जवळ जवळ पन्नास वर्षें लागलीं. त्या उत्तरांत दारूच्या रसायनाचा, चांद्याच्या उन्हाळ्याचा आणि इंग्रज सरकारच्या भीतीचा असा तिघांचाहि वांटा आहे.

त्या वेळचा चांदा जिल्हा म्हणजे आजचे चंद्रपूर व गडचिरोली हे दोन्ही जिल्हे. गडचिरोली १९८२ सालीं वेगळा झाला. वैनगंगेच्या पलीकडे अहेरीच्या जमीनदारीपासून सिरोंचापर्यंत साग, ऐन, बीजा आणि बांबू यांचें रान दाट पसरलेलें. अलीकडे ताडोब्याच्या बाजूस बांबूच अधिक. येथें मोकळ्या माळावरचा लांब नेम क्वचितच मिळतो. जनावर दिसतें तें पन्नास-साठ यार्डांवर, झाडाच्या खोडाआडून अर्धें, आणि दिसतें तेंहि चारदोन क्षणच. चितळाचा पूर्ण वाढलेला नर सुमारें ८५ किलो भरतो. सांबराचा नर २२५ पासून ३२० किलोपर्यंत जातो. म्हणजे एकाच सकाळीं, एकाच बंदुकीसमोर, चौपट वजनाचा फरक असलेलीं दोन जनावरें येण्याचा संभव असतो. काडतुसाच्या निवडीचें सारें कोडें येथेंच आहे.

या मुलुखांतील माडिया गोंडांचें साधन धनुष्यबाण. पिकाच्या राखणीसाठीं कोठें कोठें ठासणीची बंदूक. ठासणीच्या बंदुकीनें सांबर मारतां येतें, पण तें अगदीं जवळून आणि फार धीरानें. साहेबाची बंदूक आरंभीं याहून फार निराळी होती असें मात्र समजूं नये. मध्यप्रांताच्या जंगलखात्यांत काम केलेले कॅप्टन जेम्स फॉर्सिथ यांनीं १८६३ सालीं शिकारी रायफलींवर एक पुस्तकच लिहिलें आणि त्यांत वाटोळ्या, जड गोळीचा पुरस्कार केला. नळींतील पेच अगदीं संथ ठेवावयाचे व दारू भरपूर घालावयाची, ही त्यांची रीत. मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ प्रदेशावरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ १८७१ सालीं निघाला. त्याच वर्षीं ते वारले. जवळच्या अंतरावर ती जड गोळी जनावरास जागच्या जागीं पाडी यांत शंका नाहीं. पण ती सोडणाऱ्याच्या खांद्याचीहि ती तशीच खबर घेई.

त्यानंतर ‘एक्सप्रेस’ रायफलींचा काळ आला. हें नांव लंडनच्या जेम्स पर्डे यानें १८५६ च्या सुमारास धांवत्या आगगाडीवरून दिलें. गोळी हलकी, दारू पुष्कळ, त्यामुळें वेग अधिक व उड्डाण सपाट. या रायफली हिंदुस्थानांत अतिशय लोकप्रिय झाल्या. परंतु दारू काळीच असल्यामुळें बार झाला कीं समोर धुराचा पडदा उभा राही. दंवाच्या सकाळीं बांबूच्या बेटांत तो धूर हालतच नसे. गोळी लागली कीं नाहीं, जनावर कोणीकडे गेलें, हें पाहण्यासाठीं शिकाऱ्यास खालीं वांकून धुराच्या तळाशीं डोळे लावावे लागत.

यांतून सुटका केली ती फ्रेंच रसायनज्ञ पॉल व्हिएय यानें. त्यानें १८८४ सालीं बिनधुराची दारू सिद्ध केली आणि दोनच वर्षांत फ्रेंच सैन्याच्या हातीं लेबेल रायफल आली. इंग्रजांनीं १८८८ सालीं .३०३ हें काडतूस घेतलें. आरंभीं त्यांत काळी दारूच होती, मागून कॉर्डाइट आलें. स्पेनच्या सैन्यासाठीं १८९३ सालीं माउझर कारखान्याचें सात मिलिमीटरचें काडतूस आलें. बोअर युद्धांत (१८९९ ते १९०२) त्याच काडतुसानें बोअर शेतकऱ्यांनीं इंग्रज पलटणींना दुरून टिपून काढलें, आणि तेव्हां इंग्रज बंदुकवाल्यांना त्याची खरी ओळख पटली. लंडनच्या जॉन रिग्बी या घराण्यानें त्याला .२७५ असें इंग्रजी नांव देऊन शिकाऱ्यांच्या हातीं दिलें. यांत गंमत ही कीं, हेच जॉन रिग्बी १८८७ पासून १८९४ पर्यंत एन्फील्डच्या सरकारी कारखान्याचे अधीक्षक होते आणि .३०३ ची सिद्धता त्यांच्याच देखरेखीखालीं झालेली होती.

धक्क्याचें गणित अवघड नाहीं. गोळीचें आणि जळालेल्या दारूचें वजन आपापल्या वेगानें गुणावें, दोन्हींची बेरीज करावी आणि तिला बंदुकीच्या वजनानें भागावें, म्हणजे बंदूक किती वेगानें मागें येते तें कळतें. आठ पौंडी .२७५ रायफलींतून १४० ग्रेनची गोळी सुटली असतां खांद्यावर येणारा जोर सुमारें १२ फूट-पौंड भरतो. १९१२ सालीं निघालेल्या .३७५ मॅग्नमची ३०० ग्रेनची गोळी नऊ पौंडी रायफलींतून सुटली तर तोच जोर ३५ च्या घरांत जातो. बंदूक एक पौंड जड असूनहि धक्का जवळ जवळ तिप्पट होतो.

तिप्पट धक्का सोसणें हें पुरुषार्थाचें लक्षण आहे, अशी एक समजूत शिकाऱ्यांत फार दिवस होती. ही समजूत हरिणांना फार महाग पडली. ज्याला धक्क्याची धास्ती बसली त्याचा डोळा चाप ओढण्याच्या क्षणींच मिटतो, खांदा पुढें सरतो आणि नळी किंचित हालते. साठ यार्डांवर ती किंचित हालचाल म्हणजे हृदयाऐवजीं पोट. पोटांत गोळी घेतलेलें सांबर लगेच पडत नाहीं. तें कोस दोन कोस जातें, पाण्याशीं बसतें आणि रात्रभर कुढत मरतें. किंवा रानकुत्र्यांच्या तावडीत सांपडतें. पायांत गोळी लागली तर महिनेच्या महिने लंगडत राहतें. म्हणून हलक्या धक्क्याच्या काडतुसाचा गुण खांद्याच्या सुखांत नाहीं. गोळी जेथें लागावयास हवी तेथें ती लागते, यांत आहे. शिकाऱ्याच्या कौशल्याइतकाच त्याच्या स्नायूंवरील विश्वासाचा हा प्रश्न आहे, आणि नवशिक्यास तर तो पहिलाच प्रश्न आहे.

तथापि हलका धक्का म्हणजे दुबळी गोळी नव्हे. सात मिलिमीटरच्या काडतुसाची मूळ गोळी १७३ ग्रेनची, म्हणजे जाडीच्या मानानें पुष्कळच लांब होती. अशी लांबट गोळी जनावरांत खोल जाते. आडव्या हाडानें ती लवकर अडत नाहीं. १९०३ च्या ऑस्ट्रियन मानलिखर-शोनावर रायफलीची साडेसहा मिलिमीटरची १६० ग्रेनची गोळी याच जातीची, इंग्रज तिला.२५६ म्हणत. डब्ल्यू. डी. एम. बेल यानें आफ्रिकेंत या बारीक काडतुसांनीं हत्तीहि मारले. तें त्याच्या अचूक नेमाचें काम होतें, अनुकरणाचें नव्हे. परंतु लांब गोळी किती खोल जाते हें त्यावरून सिद्ध झालें. पुढें वेगाच्या हव्यासानें हलक्या, टोकदार गोळ्या निघाल्या. मोकळ्या मुलुखांत त्या नामी. बांबूच्या रानांत मात्र सांबराच्या खांद्यावर त्या वरचेवर फुटून जात. चितळासाठीं १४० ग्रेनची आणि सांबरासाठीं १७३ ग्रेनची, तीहि मऊ टोंकाची, असा भेद ठेवणारा शिकारी शहाणा म्हटला पाहिजे. जड गोळी बांबू कापीत सरळ जाते, असें जें सांगितलें जाई त्यांत फारसें तथ्य नाहीं. बांबूवर आपटलेली कोणतीहि गोळी वांकडी जाते; पडद्याआडच्या जनावरावर बार न टाकणें हाच त्यावर उपाय.

चांद्याचा उन्हाळा हा या प्रकरणांतील दुसरा पक्षकार. मध्य हिंदुस्थानांत सांबराचीं शिंगें मार्चअखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत गळतात, म्हणून त्याची शिकार थंडीची. चितळाचे नर मात्र ऐन उन्हाळ्यांत पक्क्या शिंगांनिशीं मिरवतात. पानगळ झालेली, पाणवठे मोजके, त्यामुळें एप्रिल-मे हे चितळाचे महिने. या महिन्यांत चांद्याचा पारा ४५ अंशांच्या वर चढतो. कॉर्डाइट तापलें कीं अधिक जोरानें जळतें, नळींतील दाब वाढतो, आणि पितळेची नळकांडी घरांत घट्ट बसून निघतां निघत नाहीं. विलायतेंतील कारखान्यांना यासाठीं उष्ण देशांकरितां दारू कमी घातलेलीं काडतुसें निराळीं काढावीं लागलीं. ज्या काडतुसांत मुळांतच दाब बेताचा आहे त्यांना हा त्रास कमी होई. सौम्य काडतुसाची बाजू येथेंहि वरचढ ठरली.

तिसरा पक्षकार सरकार. १८५८ सालीं बाबूराव शेडमाके यांना चांद्यास फाशी दिल्यानंतर या भागांतील शस्त्रांविषयीं सरकार निश्चिंत राहिलें असतें तरच नवल. १८७८ च्या शस्त्र कायद्यानें हिंदी माणसास परवाना आवश्यक झाला. युरोपियनांना त्यांतून सूट होती. राष्ट्रीय सभेनें १८८७ सालच्या मद्रासच्या अधिवेशनांत या कायद्याविरुद्ध ठराव केला. लष्करी .३०३ काडतुसें खाजगी माणसांच्या हातीं पडूं नयेत, असाहि सरकारचा कटाक्ष होता. सरहद्दीवरील टोळ्यांपर्यंत तीं पोंचतील ही धास्ती. १९०७ सालीं .४५० व्यासाच्या रायफलींनाहि हिंदुस्थानांत आणि सुदानांत बंदी झाली, कारण जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकींना त्यांचा दारूगोळा उपयोगी पडेल असें भय होतें. विलायती बंदुकवाल्यांनीं लगोलग .४६५, .४७० असे नवे व्यास काढले. शिकारीच्या इतिहासांत जे व्यासांचे इतके प्रकार दिसतात त्यांतील कित्येक अशा रीतीनें शिकाऱ्याच्या गरजेपोटीं नव्हे, तर कारकुनाच्या शेऱ्यापोटीं जन्मलेले आहेत.

१९०७ हेंच साल आणखी एका गोष्टीसाठीं लक्षांत राहतें. त्या वर्षीं जिम कॉर्बेट यांनीं कुमाऊंत चंपावतची नरभक्षक वाघीण मारली, आणि त्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जे. पी. हेवेट यांनीं त्यांना रिग्बीची .२७५ रायफल भेट दिली. कॉर्बेट यांच्यापाशीं जड .४५०/४०० दुनळीहि होती. पण पहाडांत पायीं हिंडतांना ती हलकी रायफल किती सोयीची, हें त्यांच्या वाचकांना पुरतें ठाऊक आहे.

चांद्याचा हिंदी शिकारी, म्हणजे एखादा वकील, मालगुजार किंवा जंगलखात्यांतील अधिकारी, याच्या वांट्यास .२७५ क्वचित आली. ती महाग होती आणि तिचीं काडतुसें कलकत्त्याच्या किंवा मुंबईच्या दुकानांतून मागवावीं लागत. त्याच्या हातीं अधिक करून आली ती .३१५. हें काडतूस मूळचें ऑस्ट्रियाच्या सैन्याचें, आठ मिलिमीटरचें. बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. कंपनीनें त्यासाठीं ली-एन्फील्डच्या धर्तीची रायफल हिंदुस्थानच्या गिऱ्हाइकांकरितां बनविली. गोळी २४४ ग्रेनची, वेग सेकंदास सुमारें २००० फूट, बुडाला कडा, दाब बेताचा, धक्का मध्यम. शक्तीनें तें .३०३ चें सख्खें भावंडच. फक्त शिपायाच्या बंदुकींत तें बसत नसे, हाच त्याचा सरकारी गुण. चितळास तें पुरून उरे आणि सांबरासहि नीट खांद्यावर लागल्यास पुरे. फार दूरचा नेम त्यानें साधत नसे, पण चांद्याच्या रानांत दूरचें दिसतें कोठें? योजना करून निवडलें असतें तरी या रानासाठीं याहून फारसें बरें काडतूस मिळालें नसतें, आणि तें मिळालें मात्र बंदीच्या फटींतून. स्वातंत्र्यानंतर ईशापूरच्या सरकारी कारखान्यानें .३१५ रायफल पुढें चालू ठेवली, आणि १८६९ सालीं स्थापन झालेल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यानें तिचीं काडतुसें.

तोंपर्यंत रानच बदलत होतें. ताडोब्यांत १९३५ सालींच शिकार बंद झाली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर जीपगाड्या आणि झगझगीत दिवे आले. जनावर दिपून उभें राहतें आणि गाडींतून बार होतो, तेथें काडतुसाच्या निवडीला आणि नेमाच्या कसबाला काय किंमत उरणार? त्या दिव्यांनीं सांबर-चितळांची जी हानि केली ती जड रायफलींनीं पिढ्यान् पिढ्या केली नव्हती. १९५५ सालीं ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेंहि चितळ-सांबराच्या शिकारीची वाट परवान्यापुरती कागदावर मोकळी होती. ती १९९१ च्या दुरुस्तीनें कायमची बंद झाली.

चंद्रपूर, वरोरा, ब्रह्मपुरी या बाजूच्या जुन्या घरांतून आजोबांच्या नांवाची .३१५ अजूनहि वारसाच्या परवान्यावर कपाटांत असते. वर्षांतून एकदां तेल लागतें. निवडणूक जाहीर झाली कीं ती पोलीस ठाण्यांत जमा होते आणि निकालानंतर परत येते.