२६ जुलै : पकडपटूचा फिरता संसार

२०१४ साली आजच्या दिवशी मुंबईत, परळपासून जवळच वरळीत प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना झाला. यू मुंबानं जयपूरला ४५-३१ असं हरवलं. तेव्हा भाव वधारला तो चढाईपटूंचा. पकडपटूंच्या वाट्याला मात्र संघामागून संघ बदलणं आलं. विशाल मानेचंच बघा : २०१५ला यू मुंबाबरोबर विजेता, २०१७ला पाटण्याबरोबर पुन्हा विजेता, नंतर दिल्ली. यात निष्ठेची उणीव शोधणं अन्यायाचं आहे. कोपऱ्यावरच्या गड्यानं घोटा धरला की कव्हरच्या जागेवरच्या, म्हणजे विशालसारख्या पकडपटूनं त्याच क्षणी खांदा घालून चढाईपटूला मध्यरेषेपासून तोडायचं. चौघांनी मिळून पाडला तरी गुण एकच! हे काम प्रत्येक संघाला लागतं, म्हणून असा खेळाडू फिरतो. सारखी माणसं बदलली तर साखळी जुळणार कशी, हा आक्षेप खरा आहे. पण विशालचं संघबदलानंतरचं ते दुसरं विजेतेपद सांगतं की मुरलेला गडी नव्या साखळीतही रुजतो. आणि निष्ठा मागायची, तर पोटाची हमीही हवी. गिरणीच्या संघातून खेळणाऱ्याला पूर्वी नोकरीचा आधार असे. १९८२च्या गिरणी संपानंतर गिरणगावातला तो आधारच खचला. म्हणूनच लिलावात दरवेळी नवा मालक शोधणाऱ्या पकडपटूला भाडोत्री म्हणू नये.