दिनविशेष : लंगोटातली मोहर

१२ ऑक्टोबर २०१८. राही अनिल बर्वे दिग्दर्शित 'तुंबाड' हा चित्रपट या दिवशी देशभर प्रदर्शित झाला. त्याआधी ऑगस्टअखेर व्हेनिस महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहाची सुरुवात त्याने झाली होती. हा मान भारतीय चित्रपटाला प्रथमच मिळाला.

भाषा हिंदी, पण हाडामांसाने मराठी. नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून, भयाचं बीज नारायण धारपांच्या कथेचं. ती कथा बर्वेंना १९९३ मध्ये एका मित्राने सांगितली, तीही आपल्या विदर्भातल्या नागझिऱ्याच्या जंगलात! कादंबरीचं कथानक मात्र चित्रपटात शोधू नये, सापडणार नाही.

चित्रपटातला हस्तर हा शापित देव पिठाचा भुकेला. त्याच्या लंगोटातल्या सोन्याच्या मोहरा लांबवायच्या तर कणकेची बाहुली घेऊन विहिरीत उतरायचं. रोज परातीत मळली जाणारी कणीक अशी अंगावर येते. अद्भुताला परदेशी भुतं लागत नाहीत, हे इतक्या ठसठशीतपणे आपल्या पडद्यावर क्वचितच दिसलं. धारपांना 'प्रवासातलं वाचन' म्हणून बाजूला सारणाऱ्यांनाही ही चपराकच.

छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि ध्वनिआरेखन यांसाठी त्याला तीन फिल्मफेअर पुरस्कार मिळाले. तिकीटबारीवर पहिल्या खेपेला प्रतिसाद बेताचाच होता. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला आणि त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली.