संकेतस्थळावरील पानांची नावे आणि मथळे : मसुरे गावाचे उदाहरण

गेल्या काही वर्षांत गावोगावच्या शाळा, मंडळे, वाचनालये व धर्मग्राम यांनी आपापली संकेतस्थळे सुरू केली आहेत. मजकूर कष्टाने लिहिला जातो, छायाचित्रे जमविली जातात. मात्र पानाला नाव देण्याचे काम शेवटच्या पाच मिनिटांत उरकले जाते. परिणामी शोधणाऱ्याच्या हाती ते पान लागतच नाही. पानाचे नाव कसे ठरवावे याविषयी काही माहिती आम्ही येथे देत आहोत. उदाहरणासाठी मालवण तालुक्यातील, कालावल खाडीच्या काठचे मसुरे हे गाव घेतले आहे, कारण नावांच्या बहुतेक सर्व अडचणी या एकाच गावी एकत्र भेटतात.

प्रत्येक पानाला तीन नावे असतात, हे प्रथम ध्यानात घ्यावे. पानावर ठळक दिसतो तो मथळा. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत व शोधयंत्राच्या यादीत दिसते ते शीर्षक. ते पानाच्या संकेतनात स्वतंत्र लिहावे लागते. तिसरा असतो तो पानाचा पत्ता. मथळा चांगला व शीर्षक मात्र ‘मुखपृष्ठ’ किंवा ‘नवीन पान १’ अशी स्थिती अनेक स्थळांवर आढळते. शीर्षक अपुरे असल्यास गूगल मथळ्यातील शब्द घेऊन स्वतः शीर्षक रचते, असे त्या कंपनीने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट केले. तरीही आपले नाव आपणच ठेवलेले बरे.

आता मसुरे. शुद्धलेखनाच्या नियमाप्रमाणे अकारान्त नसलेल्या शब्दातील उपान्त्य उकार ऱ्हस्व असतो, म्हणून ‘मसुरे’ हेच रूप योग्य होय. परंतु ‘मसूरे’ असे लिहिणारेही आहेत. शिवाय कराड तालुक्यात मसूर नावाचे गाव आहे, आणि मसूर ही डाळ तर घरोघरी आहे! शोधयंत्रे आज किरकोळ लेखनभेद ओळखतात हे खरे. पण लहान गावाच्या नावाबाबत त्यावर विसंबणे आम्हांस योग्य वाटत नाही. शीर्षकात ‘मसुरे, तालुका मालवण’ असे लिहिले की शंका उरत नाही. ‘मसूरे’ हे रूप मजकुरात एकदा, सहज येईल असे घ्यावे. मराठी विकिपीडियावर याच हेतूने ‘पुनर्निर्देशन’ ही सोय आहे : लेख एकाच नावाने राहतो, इतर लेखनरूपे वाचकाला तेथे पोहोचवतात.

मराठीत आणखी एक अडचण आहे, जी इंग्रजीतील मार्गदर्शक पुस्तकांत सापडणार नाही. आपली नामे विभक्तीप्रत्यय लागताच बदलतात. ‘मसुरे’ हे ‘मसुऱ्यातील’ झाले की शोधणाऱ्याने टंकित केलेला शब्द शीर्षकात उरतच नाही. त्यातही ‘ऱ्य’ हे जोडाक्षर युनिकोडमध्ये दोन वेगळ्या प्रकारे टंकित होऊ शकते. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, संगणकाला मात्र ती निराळी असतात. उपाय जुनाच आहे. ‘मसुऱ्यातील भरतगड’ न लिहिता ‘मसुरे येथील भरतगड’ असे लिहावे. ‘येथील’ हा शब्द काहींना सरकारी वाटेल, पण तो गावाचे नाव अबाधित ठेवतो.

भरतगडाचे उदाहरणही बोधक आहे. वाडीच्या फोंड सावंतांनी इ.स. १७०१ मध्ये बांधलेला हा किल्ला मसुरे येथे आहे, तर खाडीपलीकडे भगवंतगड आहे. ‘आमचा ऐतिहासिक किल्ला’ या शीर्षकावरून यांतील कोणता, हे कोणास कळावे? ‘सिंधुदुर्ग’ हे नाव तर १६६४ मध्ये बांधकाम सुरू झालेल्या जलदुर्गाचे, १९८१ मध्ये निर्माण झालेल्या जिल्ह्याचे आणि २००५ मध्ये स्थापन झालेल्या धर्मप्रांताचेही आहे. म्हणून ‘सिंधुदुर्ग वार्ता’ हे शीर्षक पुरेसे नाही. किल्ला, जिल्हा किंवा धर्मप्रांत हा शब्द सोबत हवाच.

सर्वांत मोठा घोटाळा मात्र होतो तो काळाच्या बाबतीत. मसुरे गावातील आंगणेवाडी ही श्री भराडी देवीच्या जत्रेसाठी प्रसिद्ध आहे. या जत्रेचा दिवस तिथीने ठरलेला नसतो. देवीचा कौल घेऊन तो दरवर्षी जाहीर केला जातो. ‘यंदाची आंगणेवाडी जत्रा’ असे शीर्षक दिलेले पान दुसऱ्या वर्षीही शोधयंत्रात तसेच दिसत राहते, आणि मुंबईचा चाकरमानी त्यावरील तारीख पाहून गाडीचे आरक्षण करतो. त्याची रजा गेली, भाडे गेले, दर्शनही चुकले, तर दोष त्या एका ‘यंदा’ या शब्दाचा होय. शीर्षकात वर्ष आकड्यांत लिहावे. आपल्याकडेही ‘पवित्र सप्ताहाचे वेळापत्रक’ असे वर्षाविना मथळे पुष्कळ दिसतात. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांमध्ये कधीही येतो, तेव्हा जुने वेळापत्रक उघडून एखादे कुटुंब बंद दारापाशी येऊन उभे राहणे अशक्य नाही. ‘सण उत्साहात साजरा’ या मथळ्याविषयी तर बोलायलाच नको. कोणता सण, कोठे, कधी, यांपैकी एकही गोष्ट त्यात नाही.

रोमन लिपीत लिहिताना आंगणेवाडी आणि अंगणवाडी यांत केवळ एका ‘ई’चा फरक राहतो. १९७५ पासून देशभर चाललेल्या बालविकास योजनेतील अंगणवाड्यांची पाने असंख्य आहेत. त्यामुळे वाडीचे नाव ही टंकनाची चूक समजली जाण्याचा संभव असतो. येथे ‘भराडी देवी’ व ‘मसुरे’ हे शब्द सोबत असणे आवश्यक आहे. मालवण, सावंतवाडी यांतील ‘व’ रोमन लिपीत ‘व्ही’ व ‘डब्ल्यू’ अशा दोन्ही अक्षरांनी लिहिला जातो. पत्त्यासाठी त्यांपैकी एक निवडून सर्वत्र तोच ठेवावा.

पत्ता देवनागरीत ठेवता येतो, पण तो दुसऱ्याला पाठविताना पुष्कळदा टक्केचिन्हांच्या रांगेत रूपांतरित होतो. ‘मसुरे’ या शब्दातील पाच चिन्हांची अशा वेळी ४५ अक्षरे होतात. म्हणून शीर्षक मराठीत, पत्ता मात्र लहान रोमन अक्षरांत व शब्दांमध्ये आडवी रेघ देऊन ठेवणे आम्हांस सोयीचे वाटते. शोधशब्दांची लांबलचक यादी पानात लपवून ठेवण्याची जुनी युक्ती निरुपयोगी आहे. गूगल ती क्रमवारीसाठी विचारात घेत नाही, हे २००९ मध्येच जाहीर झाले.

युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये केलेली जुनी पाने ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी अधिक काळजी घ्यावी. त्यांत मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसविलेली असल्याने शोधयंत्राला तो मजकूर अर्थहीन दिसतो. सर्व मजकूर बदलणे शक्य नसल्यास निदान शीर्षक, गावाचे नाव व वर्ष युनिकोडमध्ये लिहून घ्यावे. मात्र हे करताना पानाचा पत्ता बदलू नये. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच पत्ते न बदलण्याचा आग्रह धरला होता. बदल टाळता येत नसेल, तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचे पुनर्निर्देशन करण्यास आपल्या तंत्रज्ञास सांगावे.