सासूबाईंची नॅट्रम फॉसची बाटली



परवा माळा आवरताना एक तपकिरी काचेची बाटली सापडली. लेबल पिवळं पडलंय, पण अक्षरं लागतात: नॅट्रम फॉस्फोरिकम 6एक्स. 1984 साली मी लग्न होऊन या घरात आले, तेव्हा ही बाटली देवघराशेजारच्या कोनाड्यात असायची. आंबट ढेकर, छातीत जळजळ, पोटफुगी, काहीही झालं की सासूबाई चार गोळ्या जिभेवर ठेवायच्या.

त्यांचे नियम कडक होते. सूर्यास्तानंतर अन्नपाणी नाही, आणि मद्य-मांस-मधुचा त्याग औषधातसुद्धा. मग हे औषध त्यांना कसं चाललं? होमिओपॅथीच्या नेहमीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्यांवर अल्कोहोलमधलं औषध टाकतात. काही औषधं तर प्राण्यांपासूनच होतात: कॅल्केरिया कार्ब कालवाच्या शिंपल्यापासून, एपिस मधमाशीपासून, सेपिया समुद्रातल्या माकुळाच्या शाईपासून. नॅट्रम फॉस म्हणजे सोडियम फॉस्फेट, एक क्षार. तो दुधाच्या साखरेत कोरडा घोटतात, त्यात दारू नाही. सासूबाईंना एवढं पुरेसं होतं. (दुधाची साखर बऱ्याचदा चीजच्या निवळीतून काढतात आणि काही चीजला वासराच्या जठरातलं रेनेट लागतं, हे तेव्हा आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.)

या गोळीची गोष्ट जर्मनीतली आहे. सॅम्युएल हानेमान यांनी 1796 मध्ये होमिओपॅथीचा विचार मांडला आणि 1810 मध्ये 'ऑर्गेनॉन' लिहिलं. पुढे औषधं शेकड्यांनी वाढली. ओल्डेनबर्ग गावात विल्हेल्म शूस्लर (1821-1898) नावाचे डॉक्टर होते. त्यांना हा पसारा नकोसा झाला. त्या काळी रुडॉल्फ विर्खो यांनी रोगाचं मूळ पेशीत असतं, असं मांडलं होतं. शूस्लर म्हणाले, शरीर जाळल्यावर राखेत जे क्षार उरतात, तेच पेशींचं भांडवल. त्यातला एखादा कमी पडला की आजार. 1873-74 मध्ये त्यांनी फक्त बारा क्षारांची 'संक्षिप्त चिकित्सा' जाहीर केली. आपण त्यालाच बाराक्षार किंवा बायोकेमिक म्हणतो. आपली पद्धत होमिओपॅथी नव्हे, असं ते स्वतः पुढे सांगत. आपल्याकडे मात्र दोन्ही एकाच कपाटात बसली.

नॅट्रम फॉस हे त्यांचं आम्लाचं औषध. या क्षारामुळे शरीरातल्या लॅक्टिक आम्लाचं विघटन होतं, अशी त्यांची कल्पना होती. जिभेच्या मुळाशी पिवळसर साय दिसली की हेच द्यायचं. आमचे डॉक्टरही आधी जीभ बघत.

आता माझ्यातली बी.कॉम. बोलते. 6एक्स म्हणजे एक भाग क्षार, नऊ भाग दुधाची साखर, आणि हे सहा वेळा. उरतो दहा लाखावा भाग. एक गोळी 100 मिलिग्रॅमची धरली, तर चार गोळ्यांत क्षार 0.0004 मिलिग्रॅम. पेलाभर दुधात फॉस्फरस 100 मिलिग्रॅमहून जास्त असतो. म्हणजे पोटात आम्ल मारायला यातून जमा होण्यासारखं काही नव्हतंच. हा हिशेब मी तेव्हाच करू शकले असते. दुधाचा, वाण्याचा, धोब्याचा हिशेब ठेवत होते. गोळीचा ठेवला नाही.

1991 च्या पावसाळ्यात सासूबाईंना रात्री-अपरात्री पोटात कळा येऊ लागल्या. सूर्यास्त झालेला, म्हणून त्या गोळीही घेत नसत. पाय पोटाशी घेऊन णमोकार म्हणत पडून राहायच्या. सकाळी चार गोळ्या. बाटली संपली की नवी मीच आणायचे. डांबरासारखी काळी शौचास होते, हे त्यांनी संकोचानं कुणाला सांगितलं नाही. एक दिवस मंदिराच्या पायरीवर चक्कर येऊन पडल्या. दवाखान्यात दुर्बिणीतून बघितलं, तर अल्सर, त्यातून रक्त जात होतं. दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं. "किती दिवस दुखतंय?" डॉक्टरांनी विचारलं. सासूबाई माझ्याकडे बघू लागल्या. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

देवाच्या कृपेनं त्या बऱ्या झाल्या. पुढे 2005 साली पेपरात नोबेलची बातमी वाचली. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी दाखवून दिलं होतं, की बऱ्याच अल्सरचं मूळ हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाच्या जंतूत असतं. ते पटवायला मार्शल यांनी 1984 मध्ये तो जंतू स्वतः पिऊन बघितला होता. नेमकं मी या घरात आले ते वर्ष! याच ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं 2015 मध्ये होमिओपॅथीचे अभ्यास तपासले. कुठल्याही आजारावर ती गुणकारी असल्याचा भरवशाचा पुरावा नाही, असा निष्कर्ष निघाला.

मग सासूबाईंना एरवी बरं वाटायचं, ते खोटं का? नाही. साधी जळजळ बहुतेकदा आपोआपच शमते. शिवाय त्यांचं जेवण दिवेलागणीआधी, मोजकं, आणि झोपायच्या कितीतरी आधी. आजचे डॉक्टरही ॲसिडिटीवाल्यांना झोपण्याआधी दोन-तीन तास काही खाऊ नका, असंच सांगतात. श्रेय गोळीला गेलं, काम नियमानं केलं.

पण नियमाचीही एक बाजू आहे. श्रावकाच्या व्रतात आजारपणाला सवलत असते, ती महाराजांना विचारून घेता येते. दुखणं लपवणं हे तप नव्हे. काळी शौच, रक्ताची उलटी, गिळायला त्रास, कारण नसताना वजन उतरणं, छातीतून हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, यातलं काहीही असेल तर घरची बाटली उघडू नका, लगेच डॉक्टर गाठा. आणि घरातल्या म्हाताऱ्या बाईला तिचं पोट कसं आहे, ते सुनेनं स्वतःहून विचारावं. ती आपणहून सांगणार नाही.

बाटली मी धुऊन ठेवली आहे. आता तिच्यात लवंगा भरीन.