पेणकर, रोहेकर आणि एक अंगठा

शीळफाट्यावरून पनवेलचा रस्ता धरला की मला पुढची गावं आडनावांनी आठवतात: पेणकर, रोहेकर, नवगावकर. ही आडनावं बेने इस्रायली ज्यूंचीही. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणानं त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. ठाण्यात त्यांनी १८७९ साली टेंभी नाक्याजवळ सिनेगॉग बांधलं.

१९४८ नंतर बरीच घरं इस्रायलला गेली. तिथं अडलं ते लग्नापाशी. तुमची आजी, पणजी ज्यू होती का, असं धर्मपीठ विचारू लागलं. पिढ्यान्‌पिढ्या शनिवार पाळणाऱ्यांना हा प्रश्न! १९६४च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेममध्ये ठाण मांडलं. ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेनं त्यांना सर्वार्थानं ज्यू मानलं, तेव्हा कुठे धर्मपीठ नमलं.

मग उरलं अंतर. लोद, अश्दोद, दिमोनाहून पत्रं येत. तिकडे नोहा मासिल यांनी ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही चालवलं. आता व्हॉट्सअ‍ॅपवर मलिद्याच्या ताटाचा फोटो जातो. गोड पोहे, वर खजूर. पत्रात मजकूर जास्त असे, हे खरंच. पण हिब्रूत वाढलेल्या नातवाला आजीचं पत्र वाचता येत नसे. फोटोखाली तो अंगठा दाखवतो, आणि तोही आपल्याकडच्या अर्थानं नव्हे.