वऱ्हाडचे नेमलेले प्रतिनिधि

ग्रामपंचायतीची निवडणूक आली म्हणजे उमेदवारी अर्जांच्या छाननीच्या दिवशीं तहसील कचेरीच्या आवारांत जी गर्दी जमते, ती पाहण्यासारखी असते. बीबी हें बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यांतील गांव. तेथील काय किंवा वऱ्हाडांतील दुसऱ्या कोणत्याहि गांवचे काय, लोक त्या दिवशीं एकच गोष्ट विचारीत असतात : कोणाचा अर्ज राहिला आणि कोणाचा उडाला? मत देण्याचा हक्क आतां सर्वांच्या अंगवळणीं पडला आहे. परंतु उभें राहण्याच्या हक्काला मर्यादा असतात, आणि त्या कोणीं व कां घातल्या याचा विचार क्वचितच होतो. वऱ्हाडच्या माणसानें तरी तो अवश्य करावा. कारण या प्रश्नाचा एक विलक्षण इतिहास त्याच्याच वाडवडिलांच्या वांट्यास आला होता.

१८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवालीं केला. १९०२ सालीं लॉर्ड कर्झननें तो सालीना पंचवीस लाख रुपये खंडानें कायमच्या पट्ट्यावर घेतला, आणि पुढील वर्षीं त्याचा कारभार मध्यप्रांतास जोडला. कर इंग्रज घेई, कोर्ट इंग्रजाचें, कलेक्टर इंग्रजाचा. परंतु कागदोपत्रीं सार्वभौमत्व निजामाचेंच राहिलें. थोडक्यांत, वऱ्हाड ब्रिटिश अंमलाखालीं होता, पण ब्रिटिश हिंदुस्थानांत नव्हता.

१९१९ च्या सुधारणा कायद्यानें कायदेकौन्सिलें वाढलीं, तेव्हां या कागदी भेदानें पेंच उभा केला. उमेदवारासंबंधींच्या नियमांत अटी होत्या त्या अशा : तो ब्रिटिश प्रजाजन असावा, त्याचें वय पंचवीस वर्षांहून कमी नसावें, तो वेडा किंवा दिवाळखोर नसावा, आणि तो पुरुष असावा. शिवाय तुरुंगवासाची मोठी शिक्षा भोगलेल्या मनुष्यास कांहीं वर्षें दार बंद असे. चोर आणि देशभक्त यांच्यांत हें कलम भेद करीत नव्हतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे असहकारितेच्या काळीं त्याचा अर्थ काय होत असेल तें निराळें सांगावयास नको.

वऱ्हाडापुरता तोडगा असा निघाला, कीं तेथें निवडणूक तर व्हावी, परंतु निवडून आलेल्या गृहस्थास सरकारनें ‘नेमावें’; आणि अशा रीतीनें नेमलेला सभासद निवडलेलाच समजावा, असें कायद्यानेंच लिहून ठेवावें. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे कौन्सिल ऑफ स्टेटमध्यें बसले आणि लोकनायक बापूजी अणे मध्यवर्ती असेंब्लींत बसले, ते ‘वऱ्हाडचे प्रतिनिधि’ म्हणून, याच वाटेनें. ज्यांच्यामागें लोकमताचें एवढें बळ होतें, त्यांसहि सभागृहाचा उंबरठा ओलांडण्यास परक्या सरकारच्या नेमणुकीचा कागद लागे.

हा केवळ शब्दांचा खेळ होता, असें कोणी म्हणेल. परंतु राज्यघटनेंत शब्दांनाच किंमत असते. मतदाराची निवड आपल्या बळावर पुरी होत नाहीं, तिला दुसऱ्याच्या सहीची जोड लागते, हें मान्य केलें म्हणजे निवडणूक हा हक्क न राहतां कृपा होते. १९३५ चा कायदा आणि त्यानंतर १९३६ मध्यें निजामाशीं झालेला करार यांनीं मध्यप्रांत व वऱ्हाड हा एक प्रांत धरला जाऊं लागला. तरीहि निजामाचें नांवाचें सार्वभौमत्व त्यांत जपलेलेंच होतें. तें खऱ्या अर्थानें संपलें स्वराज्यांत. २६ जानेवारी १९५० पासून वऱ्हाडचा शेतकरी पट्ट्यावर दिलेल्या मुलखांतील रयत न राहतां नागरिक झाला.

नव्या घटनेनें उमेदवारावर अटी थोड्याच घातल्या. तो नागरिक असावा, त्यानें शपथ घ्यावी, आणि लोकसभेसाठीं वा विधानसभेसाठीं त्याचें वय पंचवीस पुरें असावें. शिक्षणाची अट नाहीं, मालमत्तेची नाहीं, स्त्रीपुरुषभेद नाहीं. कायदे करणारांस कसलीहि पात्रता ठरविली गेली नाहीं, याबद्दल घटनासमितीचे अध्यक्ष राजेंद्रप्रसाद यांनीं २६ नोव्हेंबर १९४९ रोजीं खेद व्यक्त केला होता. त्यांची तळमळ समजण्यासारखी आहे. तरी पण निरक्षर मनुष्यास मत द्यावयाचें आणि उभें राहूं द्यावयाचें नाहीं, यांत त्यास अर्धाच नागरिक मानल्यासारखें झालें असतें.

ग्रामपंचायतीची गोष्ट मात्र निराळी. १९९३ मध्यें अंमलांत आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें पंचायतीच्या उमेदवारास एकविसावें वर्ष पुरेसें ठरविलें, पण अपात्रतेचीं कारणें ठरविण्याची मुभा राज्यांच्या विधिमंडळांस दिली. त्या अधिकारानें महाराष्ट्रानें असा नियम केला, कीं १२ सप्टेंबर २००१ नंतर ज्याला तिसरें अपत्य होईल तो अपात्र. हरियाणाचा अशाच स्वरूपाचा नियम सर्वोच्च न्यायालयानें २००३ मध्यें वैध ठरविला. निवडणुकीस उभें राहणें हा मूलभूत हक्क नव्हे, तो कायद्यानें दिलेला हक्क आहे, असें त्याचें म्हणणें पडलें.

न्यायालयाचा निर्णय शिरोधार्य आहे. त्यानें विचाराचें दार मात्र बंद होत नाहीं. इतिहास पाहतां उमेदवारीच्या मर्यादा तीन जातींच्या दिसतात. पहिली जन्माची : अमुक राजाची प्रजा, अमुक लिंगाची व्यक्ति. ती आपण टाकून दिली, हें उत्तम झालें. दुसरी कृत्याची : गुन्हा, लांच, निवडणुकींतील भ्रष्टाचार. ती न्याय्य आहे; मात्र राजकीय मतभेदास गुन्हा ठरविण्याची सोय सत्ताधाऱ्यास नसावी. तिसरी सद्वर्तनाची : लोकांनीं कसें वागावें याचा धडा उमेदवारीच्या अटींतून देणें. हिच्याविषयीं सावध असलें पाहिजे. कारण दोन अपत्यांचा नियम विधिमंडळानें सरपंचास लावला, आमदारकीस लावला नाहीं. आणि घरांत किती मुलें व्हावींत हें ठरविण्याचा अधिकार जिला बहुधा नसतो, त्या बाईचाहि अर्ज त्यानें उडतो.

पट्टा फिटला, निजाम गेला, साहेबहि गेला. अटी घालण्याचा अधिकार आतां आपल्याच प्रतिनिधींच्या हातीं आहे. म्हणूनच प्रत्येक अटीस एक प्रश्न विचारणें आपलें काम आहे : ही अट मतदाराचें रक्षण करते, कीं त्याच्या वतीनें आधींच निवड करून ठेवते? तहसील कचेरीसमोर ताटकळणाऱ्या बीबीच्या मतदारास या प्रश्नाचें उत्तर मागण्याचा पुरा हक्क आहे.